साहेबीची चव

फोन आला तेव्हा मी मंडईत द्राक्षं निवडत होतो. ताईच्या शेजारच्या वहिनी एवढंच म्हणाल्या, "तुम्ही या. आता घाई नका करू." त्या 'आता'चा अर्थ कळायला मला थोडा वेळ लागला. फळवाल्याने पिशवी पुढे केली, मी पैसे दिले आणि सदाशिव पेठेत गेलो. ही कुणासाठी नेतो आहोत, हे जिना चढताना लक्षात आलं...

सुधाताई माझी थोरली बहीण. लग्न केलं नाही, आयुष्यभर कॉलेजात अर्थशास्त्र शिकवलं. द्राक्षांच्या दिवसांत ती वर्गात दोन जातींचे घड घेऊन जायची आणि विचारायची, यातला एक तिप्पट महाग का? मुलं म्हणायची, जास्त गोड असेल. "तसं असतं तर ऊस सराफाकडे मिळाला असता," असं म्हणून ती समजावून सांगे. मोठे मणी हवे असतील तर घडातले बाकीचे कात्रीने काढून टाकावे लागतात. ते काढणाऱ्या हातांची मजुरी उरलेल्या मण्यांच्या भावात बसते. परदेशातून आलेल्या काही नव्या लाल-काळ्या वाणांवर तर मालकी असते. परवानगीशिवाय शेजाऱ्याला लावायला वेलीची काडीसुद्धा देता येत नाही, म्हणजे आपण द्राक्षाबरोबर परवानगीही विकत घेतो. शेवटी ती विचारायची, जे वाण बाजारात येतच नाही त्याचा भाव काय? तिच्या मनात तेव्हा काळी साहेबी असायची. लहानपणी बाबा लोणी काळभोरला मित्राच्या बागेतून ती आणत. लांबट, जांभळट, बी असलेली. वेलीला माल कमी लागतो म्हणून लोकांनी साहेबी उपटली आणि बिनबियांची लावली. ताई म्हणे, वस्तू महाग होते तसा माणूसही वस्तूला महाग होतो; पहिलं परीक्षेत येतं, दुसरं येत नाही.

गेल्या हिवाळ्यात तिला अन्ननलिकेचा कर्करोग निघाला. गिळणं बंद झालं, पोटात नळी बसवली. पातळ अन्न त्या नळीतून जायचं, तोंडाला कशाचाच स्पर्श नाही. मी पहिल्यांदा नळीतून पेज दिली तेव्हा ती खिडकीकडे पाहत म्हणाली, "झाले बघ मी द्राक्षाला महाग." हसली नाही. मग म्हणाली, "साहेबी मिळते का बघ. एकदा जिभेवर ठेवीन."

मी बरीच दुकानं पालथी घातली. मंडईतला एक फळवाला म्हणाला, "काका, बिया थुंकायला वेळ कुणाला आहे?"

"मला आहे."

"मग परवा या. नाशिककडे एकाने चार ओळी ठेवल्यात. भाव मात्र विचारू नका."

मी सवयीने विचारलाच. बिनबियांच्या तिप्पट निघाला.

डॉक्टर म्हणाले, थेंबभर रस चालेल. मी मणी चिरून तिच्या जिभेला लावला. तिला असा ठसका लागला की डोळे पांढरे झाले. बऱ्याच वेळाने श्वास जागेवर आला. तिने तोंड पुसलं आणि म्हणाली, "पुरे. आता तू खा, आणि मला सांग."

मी खाल्लं. "गोड आहे," म्हणालो.

"सगळीच गोड असतात. पुढे?"

"साखर भरपूर आहे. साल जाड आहे."

"अरे, हे खोक्यावर छापतात. मला चव हवी आहे."

मी नोकरीत जन्मभर आकडे मांडले, चवीबद्दल कधी बोललो नव्हतो. दुसरा मणी सावकाश चावला. म्हटलं, साल आधी तुरट लागते, मग एकदम रस येतो, आणि बीजवळ किंचित आंबट होतं. तिने डोळे मिटले. "बीजवळ... हो," म्हणाली. तिचा गळा हलला, गिळल्यासारखा.

त्यानंतर दोन-तीन दिवसांआड मी मंडईत जायचो, तिच्या पलंगाशी बसून खायचो आणि बोलायचो. मला जमायला लागलं तसतशी ती विझत गेली. नंतर नंतर ती उत्तर देईना. तरी मी सांगत राहिलो, या घडाला वास कमी आहे, हा देठाजवळ पिकलेला नाही. ते तिच्यापर्यंत पोचत होतं, असं लिहायला मला आवडलं असतं. मला माहीत नाही. माझ्या बोलण्याने तिचं एवढंसंही दुखणं कमी झालं नाही, हे मात्र मी पाहिलं आहे.

शेवटच्या दिवशीची पिशवी तिच्या ओट्यावर राहिली. ती द्राक्षं कुणी खाल्ली की टाकली, मी विचारलं नाही. तिची खोली रिकामी करून झाली. द्राक्षं संपली, आंबे आले. रात्री जेवताना बायको फोड पुढे करते. मी चावतो आणि तोंडात आपोआप वाक्य तयार होऊ लागतं, सालीजवळ असं लागतं, कोयीजवळ तसं... बायको विचारते, "कसा निघाला?" मी मान हलवतो आणि ते वाक्य घासाबरोबर गिळून टाकतो.