कपड्यावरून माप

टेपमावशीच्या दुकानात खुर्ची एकच, आणि तीही मशीनपुढची. आलेल्या माणसाने उभंच राहायचं, हात जरा वर धरायचे आणि गप्पा मारायच्या. मावशी टेप फिरवत राहायची. हात वर धरून उभा राहिलेला माणूस थापा मारत नाही, असं तिचं ठाम मत होतं, आणि अठ्ठावीस वर्षं शिलाई केलेल्या बाईशी वाद घालायची कुणाची छाती नव्हती. टेप तिच्या गळ्यात जेवतानासुद्धा असायची, म्हणून हे नाव. खरं नाव नवऱ्याला तरी आठवत असावं, पण तोही तिला मावशीच म्हणायचा.

त्या दिवशी दुकानात फॉर्मवाली आली ती पिशवीची तुटलेली चेन घेऊन. ही पोरगी महिनाभर गावात घरोघर फिरून माहिती गोळा करत होती. गाव आणि ओढ्यापलीकडची वस्ती मिळून एकच काम मंजूर होणार होतं: पूल नाहीतर सभागृह. जुना पूल चार वर्षांपूर्वीच्या पुरात वाहून गेला होता. तेव्हापासून मध्ये उरले होते निसरडे दगड. गाडीरस्त्याने जायचं तर डोंगराला चौदा किलोमीटरचा वळसा.

"पूल बाद झाल्यातच जमा आहे, मावशी," फॉर्मवाली म्हणाली.

"का गं?"

"तीन दिवस ओढ्यावर बसून मोजलं. तेवीस वेळा माणूस ओलांडून गेलं, त्यात बारा वेळा तुमचा दूधवालाच. पलीकडे घरोघर विचारलं, तर सगळे म्हणतात आमचं काही अडत नाही. साहेब म्हणतात, कुणी येत-जात नाही तिथे पूल कशाला?"

मावशीने मशीन थांबवलं. "पूल नाही म्हणून कुणी येत नाही, आणि कुणी येत नाही म्हणून पूल नाही. साहेब बरेच शिकलेले दिसतात."

थट्टा केली खरी, पण मशीन तिने पुन्हा सुरू केलं नाही. तिची थोरली बहीण पलीकडे राहायची. ताईचे गुडघे गेलेले, तिचं दगडांवरून येणं शक्यच नव्हतं. मावशी पहिल्या वर्षी एकदा निघाली होती, तर पाय घसरून उजवं मनगट मोडून बसली. दीड महिना मशीनवर कापड झाकून ठेवावं लागलं. त्यानंतर आज जाऊ, उद्या जाऊ करत वर्षं गेली. ताई दूधवाल्याबरोबर नवं कापड आणि मापासाठी जुना झगा पाठवायची. तयार झगा गेला की निरोप यायचा, "माप बरोबर आहे. पुढचाही तस्साच शीव."

सभागृह झालं की पुलाचं नाव पुढची वीस वर्षं कुणी काढणार नाही, हे मावशीला पक्कं ठाऊक होतं. वीस वर्षं काही ताई थांबणार नव्हती.

तिने फळीवरून मापांची वही काढली. प्रत्येक गिऱ्हाइकाचं एक पान, आणि मापापुढे दोनपैकी एक शब्द: 'स्वतः' किंवा 'कपड्यावरून'. नवीन शिलाई शिकणाऱ्याला हे खूळ वाटेल, पण कपड्यावरून घेतलेल्या मापावर मावशीचा पुरता विश्वास कधीच नसे, म्हणून तशी नोंद. फॉर्मवाली पानं उलटू लागली आणि चेनचं विसरूनच गेली. पूल होता तोवर पलीकडची माणसं 'स्वतः' यायची. पूल गेल्यापासून त्रेचाळीस पानांवर 'कपड्यावरून' होतं, आणि मध्ये कुठेही खंड नव्हता.

"ही तुमची खरी मोजणी," ती म्हणाली. मग वही मिटत, "पण साहेब विचारतील, कपडे पाठवणं सोयीचं म्हणून पाठवत असतील, कशावरून माणसं अडलीत?"

"मग जाऊन बघू," मावशी म्हणाली. आपण काय बोलून बसलो हे तिला नंतर कळलं.

दुसऱ्या दिवशी दूधवाल्याने तिला हाताला धरून ओढा पार करवला. तोंडाने ती देवाचं नाव घेत होती आणि मधूनमधून दूधवाल्याला शिव्या देत होती, कारण तो हसत होता. मागून फॉर्मवाली, वही डोक्यावर धरून.

तीन दिवस रोज असाच ओढा ओलांडून त्या घरोघर फिरल्या. फॉर्मवालीने प्रश्न विचारायचा नाही, असं मावशीने आधीच बजावलं होतं. "तू प्रश्न विचारलास की ते पाहुण्याला द्यायचं उत्तर देतात. तू नुसतं लिही." मावशी माणसाला उंबऱ्यात उजेडाला उभं करी, टेप टाके आणि कपड्यांबद्दल बोले. एक म्हातारा म्हणाला, कमरेला सैल ठेव, पोटात गोळा आलाय. दवाखाना पलीकडे गावात, आता कोण जातंय. एका आईने मुलीला पुढे केलं आणि गणवेश नको, घरात घालायचे कपडे शीव म्हणाली, कारण मोठी शाळा ओढ्याच्या त्या अंगाला. महिन्यापूर्वी याच माणसांनी याच पोरीला आमचं काही अडत नाही म्हणून सांगितलं होतं. लिहिता लिहिता फॉर्मवालीचे कान लाल झाले. मावशीने ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. पोरीची चूक नव्हती. तिला फॉर्म दिला होता, टेप नव्हती दिली.

ताईचं घर मावशीने शेवटी ठेवलं होतं. ताई अंगणात बसली होती, मावशीनेच शिवलेला निळा झगा घालून. पाठीवर झगा चुणून दोन पिना लावलेल्या. काखेत हाताने घातलेले वेडेवाकडे टाके. मावशीने टेप टाकली. छातीला पाच इंच कमी, खांद्याला दीड. चार वर्षं ती एका जुन्या झग्याचे कपडे शिवत होती, आणि बहीण त्यात मावेनाशी नाही, दिसेनाशी झाली होती.

"सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर माप घ्यायला आली असतीस, त्या दगडांवरून," ताई म्हणाली. "एकदा हात मोडून घेतलास तेवढा पुरे. तुझं पोट त्या हातावर आहे."

मावशीला रडू आलं. ती तिथेच, ताईच्या खांद्यावर टेप तशीच ठेवून रडली, आणि ताई तिला, चहा टाकते, ऊठ आता, म्हणत राहिली. निघण्याआधी नवं माप वहीत ताईच्या पानावर चढलं, पुढे 'स्वतः' लिहून.

पंधरा दिवसांनी शाळेच्या वर्गात सभा भरली. साहेब मास्तरांच्या खुर्चीवर, गाव बाकांवर. फॉर्मवालीने बेचाळीस माणसांची माहिती वाचली: कोण किती दिवसांत गावात आलं नाही, कुणाचा दवाखाना राहिला, कुणाची शाळा सुटली, कोण किती इंच उतरलं. साहेब टेकून बसले होते ते पुढे सरकले. तेवढ्यात किराणावाला उठला. सभागृह व्हावं ही त्याची फार इच्छा.

"साहेब, या मावशीची सख्खी बहीण आहे पलीकडे. त्यासाठी हा सगळा खटाटोप."

वर्गात कुजबूज झाली. मावशी उठली. तिचा आवाज मुळातच मशीनच्या वर चढायची सवय असलेला.

"आहे ना. म्हणून तिचं पान मी दिलं नाही. वहीत त्रेचाळीस पानं होती, या बाईंनी बेचाळीस वाचली. तुम्ही मोजून घ्या." मग ती साहेबांकडे वळली. "साहेब, ती चार वर्षं पिना लावून माझे कपडे घालते आणि मला कळवते, माप बरोबर आहे. पाठच्या बहिणीला ती खरं सांगत नाही. फॉर्मवर तुम्हाला कशाला सांगेल?"

किराणावाला खाली बसला. साहेबांनी समोरचे कागद मोजले, बेचाळीस भरले. मग पेन उघडलं, सभागृहावर रेघ मारली आणि पूल लिहिला.

"ते त्रेचाळिसावं पानही द्या," ते म्हणाले. "आता कुणी काही म्हणणार नाही."

"ते नाही मिळायचं," मावशी म्हणाली. "त्याच्यावरून मला तिचे कपडे शिवायचेत."