दुसऱ्या खुर्चीवरची वेल

सलून जिन्याखाली आहे. रस्त्यावरून काही पायऱ्या उतरून आत यावं लागतं. ऊन दारापर्यंत येतं आणि तिथूनच परत फिरतं. आत ट्यूबलाइट, दोन आरसे, दोन खुर्च्या. पहिल्या खुर्चीमागे धाकटा भाऊ उभा असतो. दुसऱ्या खुर्चीवर थोरला स्वतःच बसलेला असतो, कारण त्याच्याकडे आता गिऱ्हाईक नसतं. सगळे त्याला दादा म्हणतात.

दुकान टाकलं तेव्हाच दोघांत एक नियम ठरला होता: एकाच्या गिऱ्हाइकाला दुसऱ्याने हात लावायचा नाही. दादा जेवायला गेलेला असताना त्याचं गिऱ्हाईक आलं, तर धाकटा रिकामा असला तरी त्याच्यापुढे नुसतं वर्तमानपत्र सरकवायचा. पुढे दादाचे हात थरथरू लागले. आधी वस्तरा सुटला, मग कातर. तेव्हाही गिऱ्हाइकं आपोआप पहिल्या खुर्चीकडे गेली नाहीत. दादाने एकेकाला दंडाला धरून तिथे नेलं आणि "याचे कानामागचे केस उलटे वाढतात, जपून" असं सांगून भावाच्या हवाली केलं.

त्याच्याकडे उरली फक्त वेल.

मनीप्लांटचीच वेल. कुणीतरी बाटलीतून आणून दिलेल्या तुकड्याची आता कुंडी झाली होती, आणि वेल दुसऱ्या आरशाला वळसा घालून भिंतीभिंतीने पार दारापर्यंत पोचली होती. केसांच्या पिना ठोकून तिला जागोजागी आधार दिलेला. दादा रोज सकाळी मातीत बोट घालून बघायचा, मानेवरचे केस झटकायच्या ब्रशने पानं झटकायचा. "हिला ऊन लागत नाही," तो सांगायचा. "माती कोरडी झाली की पाणी द्यायचं. सारखं सारखं विचारत बसलं तर कुजते."

इथवर सगळं बरोबर होतं. पण पानं मळकट दिसू लागली आणि दादाने त्यावर त्याला माहीत असलेला उपाय केला. तळहातावर केसांचं तेल घेतलं, हात एकमेकांवर चोळले आणि एकेका पानावरून फिरवले. पानं चकाकली.

"दादा, मला कधी एवढं तेल लावलं नाहीत," एक जुनं गिऱ्हाईक कुरकुरलं.

"तुला लावायचं कुठे? जागा दाखव."

कापलेले केस हवेत उडतातच. ते तेलावर बसायला लागले. पानांना मिशा फुटल्या, मग ती पिवळी पडून गळू लागली. धाकट्याच्या लक्षात आलं. पण दादाला सांगायचं म्हणजे, बाबा रे, हेही काम तुला जमत नाही, असंच सांगायचं. त्यापेक्षा संध्याकाळी दादा घरी वर गेला की धाकटा शटर अर्धं ओढून घ्यायचा, साबणाचा फेस करायचा आणि दाढीच्या ब्रशने एकेक पान धुवायचा.

सकाळी दादा बघायचा तर पानं कोरडी ठाक.

"तहानलेली आहे रे. सगळं तेल पिऊन टाकलं," असं म्हणून तो दुप्पट लावायचा.

असं बरेच दिवस चाललं. एका संध्याकाळी धाकट्याची बायको धुतलेले टॉवेल घेऊन खाली आली, तर नवरा स्टुलावर उभा राहून भिंतीला फेस लावतोय.

"गिऱ्हाईक नवीन दिसतंय," ती म्हणाली.

त्याने खरं ते सांगितलं. "आता हे दादाला कोण सांगणार?"

दुसऱ्या दिवशी तिनेच सांगितलं. "भाऊजी, तुम्ही सकाळी तेल लावता, हे संध्याकाळी धुतात. दोघं मिळून बिचारीचा जीव घेताय. पानं गुदमरतात तेलाने."

दादाने वेलीकडे बघितलं नाही. भावाकडे वळून एवढंच विचारलं, "माझ्या गिऱ्हाइकाला हात लावलास?"

आणि वर निघून गेला.

दुसऱ्या दिवशी तो खाली उतरला नाही. त्यानंतरही नाही. दुसरी खुर्ची रिकामी राहिली. तिच्यावर वेलीचं एक पिवळं पान पडलं, मग आणखी काही. धाकट्याने सगळं दुकान झाडलं, पण ती पानं उचलली नाहीत. पाणीही घातलं नाही. माती कुंडीच्या कडेपासून सुटली तेव्हा मात्र तो दादाची जुनी कातर घेऊन वर गेला. तिला नुकतीच धार लावून आणली होती.

"दादा, चुकलं माझं. खाली चल. वेलीच्या बुडाशी टक्कल पडलंय आणि शेंड्याला जटा. कापायला लागेल."

"काप की. तुझा हात स्थिर आहे."

"तू हवाली कुठे केलीस?"

दादाने कातर घेऊन अंगठ्याने तिची धार चाचपली. मग चपला शोधू लागला.

खाली आल्यावर त्याने कुंडी दुसऱ्या खुर्चीवर ठेवली आणि सवयीने तिच्याभोवती कापड बांधलं. धाकट्याची बायको तोंडाला पदर लावून हसली. "विचारा तिला भाऊजी, किती बारीक करायचे?"

"मध्यम," दादा म्हणाला. त्याने पान फुटतं ती गाठ बोटाने चाचपली आणि तिच्या जरा खाली कातर लावली. हात थरथरत होते. एकदा नेम चुकला आणि एक चांगलं पान मधोमध फाटलं. दादा थांबला. वेलीने हूं की चूं केलं नाही. त्याने पुढची गाठ धरली.

कापलेले शेंडे धाकटा दाढीच्या मगांत पाणी घेऊन एकेक उभे करत होता. त्यांना तिथेच मुळं फुटणार होती. तेवढ्यात दारात एक जण आला. दोन्ही न्हावी एकाच खुर्चीपाशी बघून तो पायरीवरच घुटमळला.

"दादा, वेळ लागेल का?"

दादाने मान वर केली नाही.

"बसा," तो म्हणाला. "हातात गिऱ्हाईक आहे."