उपासाची रताळी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलाला नाही. गावदेवीपुढे हात जोडून उभी राहिले तेव्हा एकदा ओठावर आलं होतं – पण तिला काय, ठाऊकच असणार, असं म्हणून तिथूनही सटकले.

गावात मला मान आहे. मी सरपंच होते, आणि मी उपास फार कडक करते अशी माझी ख्याती आहे. भंडाऱ्याच्या दिवशी अख्खं गाव जेवतं पण वयनी पाण्याशिवाय काही घेत नाहीत, असं बायका नव्या सुनांना सांगतात. ते कानावर पडलं की मला शिसारी येते. त्यांची नाही, माझी.

कुठून सुरू करू? जागेपासूनच करते.

आमचं गाव खर्डीच्या बाजूला. गावात शिरताना डाव्या हाताला एक शेत आहे – खाली ओढा, कडेला विहीर. मालक कल्याणला राहतो. त्यानं तिथलं पत्र्याचं गोडाऊन भाड्यानं दिलं होतं आणि भाडेकऱ्यांनी केमिकलची पिंपं आणून रचली. पिंपं गळली. ओढ्यातले मासे पोट वर करून तरंगायला लागले, विहिरीच्या पाण्यावर तेलासारखा तवंग आला, तेव्हा कुठे गावाचे डोळे उघडले. पिंपं उचलून नेली, गोडाऊन पाडलं, मातीचे नमुने नेले. मग शहापूरहून आदेश आला – या जागेत खाण्याचं काही पिकवायचं नाही, विहिरीचं पाणी प्यायचं नाही, गुरं चारायची नाहीत. आणि हे सांभाळायचं कुणी? ग्रामपंचायतीनं. कुंपण घालायचं, बोर्ड लावायचा, लक्ष ठेवायचं. माती होती तिथेच राहिली.

ग्रामपंचायत म्हणजे तेव्हा मी. मी बोर्ड लावला. लाल अक्षरांत, रस्त्याकडे तोंड करून, एसटीत बसलेल्यालाही वाचता येईल असा. त्या दिवशी मला माझा अभिमान वाटला होता, हेही सांगून टाकते.

मग लग्नसराई आली. एका घरी मुलीकडचे पाहुणे आले. बोर्ड वाचूनच गावात शिरले होते. पाण्याच्या तांब्याला हात न लावता उठून गेले. बातमी पसरायला कितीसा वेळ लागतो? त्या गावचं पाणी बाटलंय, तिथे मुलगी देऊ नका. चार जाणती माणसं माझ्या ओटीवर येऊन बसली. "सरपंचबाई, बोर्ड रस्त्यावर नको. पोरांची लग्नं व्हायची नाय." मी त्यांना समजावू शकले असते. पण त्याच रविवारी माझ्या मुलाला बघायला मुरबाडकडचे पाहुणे येणार होते – आणि खरं सांगायचं तर ती चार माणसं ओटीवर आली नसती तरी मी तेच केलं असतं.

बोर्ड काढून टाकायचा नव्हता. तपासणीला कुणी आलं तर? मी हुशार ना. पंचायतीच्या शिपायाला सांगून तो उपटला आणि शेताच्या खालच्या अंगाला रोवला, ओढ्याकडे तोंड करून. समोर करवंदीची जाळी. वाचा म्हणावं करवंदींनो. तालुक्याचे साहेब आले, बोर्ड आहे का विचारलं, मी आहे म्हटलं, त्यांनी फोटो काढला आणि चहा पिऊन गेले. मुलाचं लग्न झालं. सून चांगली आहे.

बोर्ड रस्त्यावरून गेला, म्हणजे बंदी उठली असं गावानं धरलं. मी धरू दिलं. कुणी विचारलंच तर सांगेन, असं मनाशी म्हणायचे. कोण विचारणार होतं? कुंपण पडलं, गुरं शिरली, मी मान दुसरीकडे वळवून चालू लागले. दोन-तीन वर्षांनी मालकाचा कल्याणहून फोन आला. "ताई, जमीन पडून राहिलीय, वाट्यानं दिली तर चालेल ना?" त्याला सगळं माहीत होतं. मलाही होतं. मी म्हटलं, बघा तुमचं तुम्ही.

त्यानं ती हिराला दिली.

हिरा मुरबाडकडच्या वैशाखरे गावची. नवरा गेल्यावर पोटच्या मुलीला घेऊन आमच्या गावात बहिणीकडे आली. पिंपं तिनं पाहिली नव्हती, मेलेले मासे पाहिले नव्हते, बोर्ड तर करवंदीच पाहत होत्या. बाई कामाला वाघीण. तिनं भेंडी लावली, काकडी लावली, भोपळ्याचे वेल सोडले. शेतातच झोपडी घातली आणि त्याच विहिरीचं पाणी मायलेकी प्यायला लागल्या.

आमच्याकडे पहिली तोड देवीला वाहतात, मग मानाच्या घरी देतात. हिरा भेंडीची टोपली घेऊन दारात आली. "वयनी, पयली तोड हाय. देवीला दिली, न् तुमच्याकं आनली. आत्ताच एक कोवली खाऊन बघा ना." तिनं शेंग माझ्यापुढे धरली. काय बोलायचं होतं मी? दोन वाक्यं. तिथे पिकवू नको गो, ती जागा बंद आहे. पण मग बोर्ड कुठे गेला, कुणी नेला, का नेला – सगळं आलंच. मी म्हटलं, आज माझा उपास आहे.

ती गेल्यावर भेंडी उकिरड्यावर टाकली. म्हशीलासुद्धा घातली नाही. म्हशीची मला काळजी होती.

आता जे सांगायचंय ते सांगते – इतका वेळ त्याच्याच भोवती फिरतेय.

त्या वर्षी गावदेवीच्या भंडाऱ्याला हिरानं भोपळे दिले. मोठे, पिवळेधमक, लोक कौतुक करत होते. मोठ्या टोपात भाजी शिजली. पहिली पंगत पोरांची असते आणि वाढायला सुरुवात सरपंचानं करायची असते. मी सकाळीच सुनेला म्हटलं, नातवाच्या अंगात कणकण वाटते, त्याला आणू नकोस, तूही घरी थांब. त्याचं अंग थंडगार होतं. मग पदर खोचला आणि भाजीची बादली घेऊन पंगतीत गेले. एकेका पोराच्या पत्रावळीवर माझ्या हातानं वाढलं. एकानं आणखी मागितली. मी आणखी वाढली. हिराची मुलगीही बसली होती. नंतर बायकांनी जेवायला ओढलं तेव्हा म्हटलं, माझा उपास आहे. केवढी देवभोळी बाई, म्हणाल्या.

त्या पोरांना काही झालं का? मला माहीत नाही. मी चौकशी केली नाही. चौकशी केली तर कळेल, ही भीती. पुढच्या पावसाळ्यात हिराच्या हातांची सालं निघायला लागली, मुलगी पोट धरून बसायची. त्या मातीनंच झालं असं मी सांगू शकत नाही. नाही असंही सांगू शकत नाही. ती हात दाखवायला माझ्याकडेच आली. मी म्हटलं, खोबरेल लाव.

माझी मुदत संपली. नवा सरपंच आला, त्यालाही मी काही बोलले नाही. हिरा मात्र मला विसरली नाही. तिच्या लक्षात आलं की ती काहीही घेऊन आली की वयनींचा उपास असतो. तिला वाईट वाटलं – माझ्यासाठी. म्हणून तिनं बांधाकडेच्या पट्ट्यात रताळी लावली. उपासाला चालतात म्हणून. मागच्या एकादशीला उकडून, फडक्यात गुंडाळून घेऊन आली आणि समोर बसली. "आता नाय म्हनू नका." एक माझ्या हातात दिलं, दुसरं सोलून स्वतः खायला लागली. मी घास तोंडात घेतला. "ग्वाड हायेत ना?" मी मान हलवली. ती उठेपर्यंत तो घास गालात धरून बसले, मग मागच्या दारी जाऊन थुंकले, चुळा भरल्या, बोट घालून ओकले. ती तोवर रस्त्याला लागली होती. हाक मारली असती तर ऐकू गेली असती.

ती अजून तिथेच राहते, तेच पाणी पिते.

तिचं नाव हिरा नाही. ते मी बदललंय, आणि गावाचं नाव लिहिलेलं नाही. तिला स्वतःला वाचता येत नाही. पण मुलगी आता शाळेत जाते, हाती पडेल ते वाचते. हे तिच्या हाती पडलं, तरी तिला कळू नये.