तेलाच्या व्हिडिओत माझं डोकं

"डोईवरचा पदर काढ," मालकीणबाई म्हणल्या. मी काढला न्हाई. त्यांनी सोताच ओढला.

समोर त्यांचा लेक मोबाइल धरून उभा. भांगाजवळ उघडी पडलेली माझी टाळू त्यानं पार जवळून घेतली. "हे बघा, आमचं केस उगवायचं तेल लावायच्या आधी." खळ्यावर हळद वाळू घालणाऱ्या बाया हसल्या. मीबी त्यांच्यातलीच. आमच्या कुरुंदा गावात ह्याच घरच्या हळदीवर माझी चूल पेटायची. म्हणून डोकं तसंच पुढं धरलं.

मग हिरवं तेल. कुजक्या पाल्याचा वास. मालकीणबाई रोज चोळायच्या आन् माझ्यासमोरच साबणानं हात घासून घासून धुवायच्या. डोक्यावर फोड उठले. पू वाहू लागला.

"तुझ्याच अंगात घाण हाय," त्या म्हणल्या. माझा पाण्याचा तांब्या वेगळा झाला.

मी हिंगोलीला सरकारी दवाखान्यात गेले. कातडीच्या डॉक्टरीणबाईंनी तेल आधी बंद केलं. मग विचारलं, "घरात आणखी कुणाचे केस असे विरळ?"

"बापाचे. आत्याचेबी."

"मग हे घराण्यातून आलंय. बापाकडून येतं, आईकडूनही येतं. हा लागट रोग नाही. घाण तर नाहीच."

"औषध?"

"लावायचं एक औषध आहे, पारखून घेतलेलं. महिनोन् महिने रोज लावावं लागतं. गळणं कमी होतं, काहींना थोडे केस येतात, सगळ्यांना नाही. बंद केलं की फायदा जातो. तेलानं केस उगवतात याला पुरावा नाही."

औषधानं काय होईल आन् काय होणार न्हाई, हे मला पहिल्यांदा कुणीतरी सांगितलं. तिथंच बाकावर बसून रडले. मग राग आला.

परत गेले तर मालकीणबाईंच्या हातात केसांचा टोप. कुणाच्या तरी डोक्यावरचा, घामट.

"हा घाल. म्हण, तेलानं आले."

"न्हाई."

"काहून? तुझं काय जाऊन राहिलं?"

"पू माझ्या डोक्यातून गेला. मी खोटं बोलले तर उद्या दुसऱ्या बाईच्या जाईल."

"उद्यापासून कामाला येऊ नको."

"न्हाई येत."

बाजारात जिनं जिनं तेलाचं विचारलं, तिला पदर सारून फोडांचे डाग दाखवले. व्हिडिओ अजून फिरूनच राहिला, म्हणून पोलीस ठाण्यात तक्रार दिली. काल मालकीणबाईंचा निरोप आला. तक्रार मागं घे, काम देते.

मी घेणार न्हाई. पोलीस, कोर्ट, बोलावतील तिथं जाईन, जितक्यांदा विचारतील तितक्यांदा सांगीन. उघड्या डोक्यानं.