एकेचाळीस किल्ल्या

सकाळपासून किल्लीमामांनी एकच किल्ली तीनदा घासली होती. पहिल्यांदा कानशीने दात जास्त खाल्ला, दुसऱ्यांदा कमी पडला, तिसऱ्यांदा किल्ली कुलपात गेली आणि तिथेच अडकून बसली. चाळीस वर्षांच्या धंद्यात असं कधी झालं नव्हतं. गिऱ्हाईक म्हणालं, "मामा, आज हाताला काय झालंय?"

"हाताला काही नाही," मामा म्हणाले. खोटं नव्हतं ते. जे झालं होतं ते तोंडाला झालं होतं, आणि तेसुद्धा चार महिन्यांपूर्वी.

खालच्या आळीच्या तोंडाशी, जिन्याखाली, मामांचं दुकान होतं. दुकान कसलं, दोन माणसं आत आली तर तिसऱ्याने श्वास बाहेर ठेवून यावं एवढी जागा. पण मागच्या भिंतीवर एक लाकडी फळी होती आणि आळीच्या दृष्टीने ती बँकेच्या तिजोरीपेक्षा मोठी होती. फळीवर बासष्ट खिळे, प्रत्येक खिळ्याखाली पांढऱ्या रंगात घराचा नंबर. आळीतली माणसं कामावर जाताना घराची किल्ली त्या खिळ्याला अडकवून जात. मुलं शाळेतून आली की घेत, नवरा पाळीवरून आला की घेई. ही पद्धत मामांच्या वडिलांनी घातलेली. वडिलांचं निम्मं आयुष्य आळीची कुलपं उघडण्यात आणि निम्मं आळीची तोंडं बंद ठेवायला शिकवण्यात गेलं.

दुसऱ्या गोष्टीला कारण होतं. मामा नऊ वर्षांचे असताना हातात यादी घेतलेला एक माणूस आळीत आला होता. कोण कुठे राहतं, त्याने विचारलं. वडिलांनी भल्या मनाने नावं सांगितली, दारं दाखवली. तिसऱ्या दिवशी शहरात दंगल झाली आणि त्याच यादीच्या क्रमाने दारं फुटली. तेव्हापासून आळीचा एक नियम झाला: हातात यादी असलेल्या माणसाने विचारलं तर इथे कुणी राहत नाही. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. खालची आळी पाणीसुद्धा फुंकून पीत होती.

चार महिन्यांपूर्वी आळीतले जुने घड्याळजी गेले. सगळ्यांची घड्याळं फुकट दुरुस्त करून देणारा माणूस. आळी कुलपं लावून मातीला गेली, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. म्हातारी, आजारी, तान्ह्या मुलांच्या आया तेवढ्या घरी राहिल्या. किल्ल्या सांभाळायला मामा दुकानात थांबले, आणि भट्टी पेटलेली म्हणून पाववाला थांबला. फळीवर त्या दिवशी एकेचाळीस किल्ल्या होत्या.

अकराच्या सुमाराला दोन माणसं आली. एकाच्या हातात यादी.

"आम्ही पालिकेकडून आलोय. ही घरं बंद का? कोण राहतं इथे?"

मामांच्या डोळ्यांसमोर वडील उभे राहिले. "कुणी नाही. सोडून गेले."

"सगळेच?"

"ज्यांच्या दाराला कुलूप दिसतंय ते सगळे."

"मग इथे सही करा. शेजारी म्हणून."

मामांनी सही केली. जेवताना बायकोला हसत हसत सांगितलं, "आज एकेचाळीस घरं वाचवली बघ."

महिन्याभराने आळीच्या तोंडाशी पुनर्विकासाची यादी लागली. आळी पाडून तिथे नऊ मजली इमारती होणार होत्या. एकवीस घरं नव्या जागेसाठी पात्र. एकेचाळीस घरांपुढे एकच वाक्य: रिकामे, रहिवासी नाही. मामांचं नऊ नंबरचं घर पात्र होतं. एवढंच नाही, मामींचं कंबरेचं हाड मोडलेलं म्हणून त्यांना तळमजल्याची खोली मंजूर झाली होती. ते पत्र मामींनी डब्यात ठेवलं. मामा ते दिवसातून दोनदा काढून बघत आणि दोनदा न वाचता परत ठेवत.

आळीने वकीलबाई गाठल्या. तरुण, बोलायला चटपटीत. पाववाल्याच्या भट्टीमागच्या खोलीत बैठक भरली. वकीलबाई म्हणाल्या, "नियम साधा आहे. घर बंद दिसलं तर तीन वेळा यायचं, दारावर नोटीस लावायची. पलीकडच्या वरच्या आळीत एकोणीस घरं बंद होती. तिथे तीनदा गेले, एकही घर यादीतून कापलं नाही. तुमच्याकडे एकदाच आले. हा सरळ भेदभाव आहे आणि आपण तसाच दावा लावलाय. पण पालिकेकडे एक कागद आहे. कुणा रहिवाशाने लिहून दिलंय की घरं रिकामी आहेत. सही वाचता येत नाही."

"कोण तो घरभेदी?" सतरा नंबरची शिवणवाली उसळून म्हणाली. "सापडू दे नुसता. त्याच्या तोंडाला टाके घालते, दुहेरी दोऱ्याने."

सगळे हसले. मामाही हसले.

"त्या दिवशी आळीत होतं कोण?" कोणीतरी म्हणालं. "म्हातारी माणसं काही सही करत नाहीत. मामा किल्ल्यांपाशी होते. आणि..."

माना पाववाल्याकडे वळल्या. मामांवर कुणाला संशय येणं शक्यच नव्हतं. ज्याच्या हाती घराची किल्ली, त्याच्यावर संशय घेऊन आळी झोपणार कशी?

"माझ्याकडे काय बघता?" पाववाला म्हणाला. "मी पीठ मळत होतो. पीठ साक्ष देईल का?"

दुसऱ्या दिवसापासून आळी पाव दोन चौक पलीकडून आणू लागली.

त्यानंतर मामांच्या पायाला भिंगरी लागली. दुकानात बसवेना, घरात बसवेना. भट्टीवरून जाताना ते रस्ता बदलत, मग पुन्हा तिथूनच परत येत. फळीवरच्या किल्ल्या मोजत, पुसत, वाऱ्याने वाजल्या तरी दचकत.

"सांगून टाका," एकदा मामी म्हणाल्या.

"आणि तुझा तळमजला? खोटी माहिती दिली म्हणून आपलं घर आधी कापतील."

"कापतील." मामींनी कूस बदलायला पलंगाची कड धरली, तोंड वेडंवाकडं झालं. "मी जिने चढेन, बसत बसत. पण तुमच्या येरझाऱ्या मला बघवत नाहीत. आणि तो भट्टीवर एकटा बसलेला असतो, तोही."

सुनावणीच्या दिवशी मामांनी फळी भिंतीवरून काढली, चादरीत बांधली आणि खांद्यावर घेतली. आळीला वाटलं, मामा पुरावा घेऊन निघाले. तसं ते खरंही होतं.

सुनावणीची खोली म्हणजे एक लांब टेबल, एक कुरकुरणारा पंखा आणि भिंतीला टेकून उभी राहिलेली आळी. पालिकेच्या वकिलाने कागद वर धरला. "साहेब, रहिवाशानेच लिहून दिल्यावर पुन्हा यायचं कशाला? आणि हा रहिवासी कोण, हे यांनाच ठाऊक नाही!"

"मी आहे तो," मामा म्हणाले.

वकीलबाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या आणि तशाच थांबल्या.

अधिकारी वयस्क होते, चष्म्यावरून बघणारे. "ही तुमची सही?"

"हो साहेब."

"मग खोटं तेव्हा बोललात की आता बोलताय?"

"तेव्हा."

"का?"

मामांनी यादीवाल्या माणसाची गोष्ट सांगितली. नऊ वर्षांच्या मुलाला आठवेल तेवढीच. "साहेब, माझ्या बापाने खरं सांगितलं आणि दारं फुटली. मी खोटं सांगितलं आणि दारं कागदावरून गेली. आता तुम्हीच सांगा, यादीवाल्याला आम्ही सांगायचं तरी काय?"

"असली माणसं उद्या तिसरंच काही सांगतील," पालिकेचा वकील म्हणाला.

मामांनी चादर सोडली. फळी टेबलावर ठेवताच किल्ल्या खणखणल्या. "रिकाम्या घराची किल्ली कोण रोज टांगतं आणि रोज काढतं? यातली कुठलीही घ्या. मी कुलूप दाखवतो, तुम्ही उघडा. आत चूल गार असली तर माझंही घर कापा."

आता वकीलबाईंना वाट सापडली. "साहेब, हे खोटं बोलले, ती यांची चूक. पण वरच्या आळीत कुणा एकाच्या शब्दावर एक तरी घर कापलं का? तिथे तीनदा दार वाजवलं. इथे एका भेदरलेल्या माणसाचा शब्द पुरेसा वाटला, कारण तो पालिकेला सोयीचा होता."

अधिकाऱ्यांनी बराच वेळ लिहिलं. मग वाचून दाखवलं: एकेचाळीस घरांची फेरपाहणी, येत्या मंगळवारी, भेदभावाच्या दाव्याची पुढची सुनावणी त्यानंतर. आणि घर नंबर नऊ, खोटी माहिती दिल्याबद्दल, चौकशी होईपर्यंत पात्रतेला स्थगिती.

संध्याकाळी फळी पुन्हा भिंतीवर लागली. एकेक जण आला, आपली किल्ली काढून घेऊन गेला. कुणी भांडलं नाही. भांडले असते तर बरं वाटलं असतं. शिवणवाली सतरा नंबरची किल्ली मुठीत धरून क्षणभर थांबली. "टाके घालणार होते मी," ती म्हणाली. "तुम्हाला कसे घालू, मामा?" आणि गेली. अंधार पडायच्या आत खिळे नागडे झाले.

शेवटी पाववाला आला. त्याने दोन पाव फळकुटावर ठेवले. "सांगायला एवढे दिवस लागले?"

"लागले."

"माझं तीन आठवड्यांचं पीठ आंबलं तुमच्यापायी."

"मला चार शिव्या दे."

"देईन. आधी खा. उपाशी माणसाला शिव्या लागत नाहीत."

मंगळवार आला. आळीत कुणीही कामावर गेलं नव्हतं. दहाला दोन माणसं आली, तीच दोन, हातात यादी. एकाने पहिलं दार वाजवलं. कुणी उघडलं नाही. दुसरं वाजवलं. तेही बंद. आत माणसं होती, पोरंबाळं होती, पण यादीवाल्याची चाहूल लागताच अख्ख्या आळीने श्वास धरला होता. बाहेर कुलूप नव्हतं आणि आत आवाज नव्हता.

"पुन्हा रिकामं लिहायचं का?" यादीवाला जोडीदाराला म्हणाला आणि त्याने पेनाचं टोपण काढलं.

मामा दुकानातून उठले. सतरा नंबरपाशी जाऊन त्यांनी तळहाताने दार बडवलं. काय म्हणायचं ते जिभेवर येईना. जुनं वाक्य मात्र अगदी तयार होतं, पन्नास वर्षं तेल घातलेल्या कुलपासारखं. ते गिळून मामा ओरडले, "सतरा नंबर! शिवणवाली राहते इथे! तीन माणसं!"

आत भांडं पडलं. कडी निघाली. "तीन कुठली?" शिवणवाली दारातून फणकारली. "चार! गेल्या महिन्यात सून आली, तुम्हीच तर तिच्यासाठी दुसरी किल्ली घासून दिलीत! विसरलात?"

"चार लिहा," मामा म्हणाले.

मग अठरा उघडलं, मग वीस, मग एकोणीस. मामा पुढे, यादी मागे. प्रत्येक दाराशी मामा नाव उच्चारत आणि प्रत्येक नावासरशी त्यांना वाटे, ही यादी आता जाईल कुठे, कुणाच्या हाती लागेल? पण ते थांबले नाहीत.

एकेचाळीस झाली. यादीवाल्याने टोपण लावलं.

"नऊ नंबर राहिला," मामा म्हणाले.

"तो आमच्या यादीत नाही. तुमचं वेगळं चालू आहे ना?"

"तरी लिहा. खाली, कोपऱ्यात लिहा कुठेतरी. आम्ही दोघं राहतो."

यादीवाल्याने वर बघितलं. नऊ नंबरचं दार उघडं होतं आणि चौकटीला धरून मामी उभ्या होत्या.