पुसलेली उत्तरं

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. काय घोळ घातला मी, काय सांगू! आणि तोही दुसऱ्याचं भलं करायला जाऊन.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी पुण्याहून बंगलोरला नुकताच आलेलो, इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या एका कंपनीत. आम्ही कारखान्यांतल्या मशीनचे कंट्रोलर बनवायचो. मशीन अडलं की गिऱ्हाइकं फोनलाइनला मोडेम लावून आमच्या कॉम्प्युटरवरच्या बुलेटिन बोर्डावर प्रश्न टाकायची. आणि उत्तरं कोण द्यायचं? शकुंतलाअक्का!

अक्का बंगलोरातल्याच जुन्या मराठी घरातल्या. सहा वर्षं कंत्राटावर. बोर्डावर त्यांची ढीगभर उत्तरं होती, पण सापडतील तर शपथ! सगळे निरोप एकाखाली एक. जुनं उत्तर शोधण्यापेक्षा अक्कांना परत विचारणं सोपं पडायचं.

त्या महिन्यात दिल्लीचे नवे साहेब ठरवणार होते, कंत्राटवाल्यांतलं कोण कायम आणि कोण घरी. मी म्हटलं, "अक्का, तुमची उत्तरं चटकन सापडतील असं करतो. साहेबांना तुमचं काम दिसेल."

"कर की. पण स्वल्प जपून हं!" अक्का म्हणाल्या.

जपून? मी? मी प्रोग्राम लिहिला. ज्या निरोपात 'सॉल्व्ह्ड' शब्द असेल तो वर आणायचा, लिहिणाऱ्याच्या नावासकट. बाकीचा सगळा कचरा! डिस्कवर जागा नव्हतीच, म्हणून कचरा पुसूनही टाकला. तपासलं का? छे हो! इतक्या हुशार माणसाला तपासायची काय गरज?

सोमवारी साहेबांसमोर प्रात्यक्षिक. सगळं ऑफिस मागे उभं. साहेबांनी टाइप केलं, 'मशीन मध्येच थांबतं'. पहिलं उत्तर आलं, बोम्मसंद्र्याच्या कारखान्याचं: 'नॉट सॉल्व्ह्ड. तिसरा दिवस.' दुसरं: 'स्टिल नॉट सॉल्व्ह्ड!' तिसऱ्यात तर कंपनीचा उद्धार होता.

ऑफिस खो खो हसलं. साहेब नाही हसले. त्यांनी नावांची यादी चाळली.

"शकुंतलाजी का एक भी सोल्यूशन नहीं? छह साल में?"

मी अक्कांकडे पाहिलं. त्या हळूच म्हणाल्या, "अरे, मशीन चालू झाल्यावर 'सुटलं' म्हणून कोण परत लिहायला येतो? माणूस गप्प झाला की समजायचं, सुटलं."

म्हणजे बोर्डावर बोलत होते ते फक्त अडलेले! सुटलेले सगळे गप्प, आणि त्यांना अक्कांनी दिलेली उत्तरं मी स्वतःच्या हाताने पुसलेली.

"सर, चूक माझी आहे," एवढंच सांगायचं होतं. हिंदीत सांगायलाही सोपं. पण माझं प्रोबेशन संपायला पंधरा दिवस उरले होते. माझ्या तोंडून निघालं, "सर, थोडा डेटा क्लीन करना पड़ेगा."

महिनाअखेर अक्कांचं कंत्राट संपलं. निघताना त्यांनी माझा पडलेला चेहरा पाहिला आणि वर मलाच धीर दिला, "सरी बिडप्पा, जाऊ दे."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं हो!

मग जाग आली. प्रत्येक गिऱ्हाइकाला पत्र लिहिलं: अक्कांची उत्तरं कुणी छापून ठेवलीत का? काय सांगू, टपालाने गठ्ठेच्या गठ्ठे आले! लोकांनी ती मशीनशेजारी भिंतीला चिकटवली होती. दोन महिने बसून मी एकेक उत्तर परत बोर्डावर चढवलं, या वेळी नीट विषयवार लावून. आता कुठलंही उत्तर चुटकीसरशी सापडायला लागलं. साहेब खूश. माझं प्रोबेशन तर आधीच संपलं होतं, वर आता बढतीही मिळाली.

फक्त एक झालं. जो टाइप करतो त्याचंच नाव बोर्ड आपोआप उत्तराखाली घालतं. बदलायला फार तर एक दुपार लागली असती. उद्या करू, उद्या करू, म्हणत राहिलो.

एक दिवस होसूरहून एका म्हाताऱ्या मराठी फोरमनचा फोन आला. "सर, अर्थिंगचं तुमचं उत्तर वाचलं. चार दिवस बंद पडलेलं मशीन सुरू झालं. मुद्दाम आभार मानायला फोन केला. इतकं समजावून कोण लिहितं हो? तुम्हीच लिहिलंत ना?"

मी म्हटलं, "हो. थँक यू."