आबा मेंढरांसंगं गेलाय

मेंढरं हमरस्ता ओलांडतात तेव्हा एका माणसानं रस्त्याच्या मधोमध उभं राहायचं असतं. काठी आडवी धरायची, दुसरा हात वर करायचा आणि समोरून येणाऱ्या गाडीवाल्याच्या डोळ्यांत डोळे घालून थांबायचं. आमच्या घरात हे काम थोरल्याचं. आधी वडील करायचे, ते गेल्यावर माझ्याकडं आलं. दिवाळी झाली की आम्ही लिंबागणेशजवळच्या वस्तीवरून निघतो, चौसाळ्यापाशी हमरस्ता ओलांडतो आणि मांजरा नदीच्या काठानं शेतकऱ्यांच्या रानात मेंढरं बसवत उन्हाळा काढतो. लेंड्यांनी त्यांच्या रानाला खत होतं, आम्हाला धान्य मिळतं. मिरगाच्या तोंडाला परत घरी.

त्या वर्षी निम्मी मेंढरं पलीकडं गेली होती, निम्मी अलीकडं होती. एक टेम्पो थांबला, त्याच्यामागं दुसरा थांबला. त्यांच्या मागून आलेल्या पिकअपवाल्याला थांबायचं नव्हतं. त्यानं कडेनं गाडी काढली. मी चाकाखाली आलो नाही, दाराबाहेर आलेला आरसा आणि त्याची लोखंडी दांडी तोंडावर बसली आणि डोकं मागं रस्त्यावर आपटलं. हे सगळं मला नंतर भावानं सांगितलं. माझ्या स्वतःच्या डोक्यात तिथं फक्त धुरळा आहे.

शहरातल्या मोठ्या दवाखान्यात मी किती दिवस होतो ते बायकोला विचारा. गालाचं हाड चुरलं होतं, जबडा दोन ठिकाणी मोडला होता, नाक बसलं होतं, कवटीला तडा होता. हाडं पट्ट्या टाकून जोडली आणि वरचे-खालचे दात तारेनं एकमेकांना बांधून टाकले, म्हणजे तोंड उघडायचाच प्रश्न नाही. समोरचे चार दात रस्त्यावरच राहिले होते, त्या फटीतून नळीनं पेज जायची. चेहऱ्याची डावी बाजू हलायची बंद झाली. डोळा मिटेना, ओठ लोंबायला लागला, लाळ गळायला लागली. डॉक्टर भला माणूस होता, पण प्रत्येक वाक्याच्या शेवटी ‘वेळ लागेल’ म्हणायची त्याला सवय होती. किती वेळ, ते मला विचारता येत नव्हतं आणि तो आपणहून सांगत नव्हता.

मेंढरांना दवाखाना कळत नाही, त्यांना चरायला लागतं. त्यामुळं धाकटा भाऊ आणि त्याची बायको मला गाडीत घालून दिल्यावर मेंढरं घेऊन पुढं गेले. माझी बायको माझ्याजवळ आली. घरी राहिली माझी आई आणि माझी तीन वर्षांची मुलगी.

मुलीनं त्या सकाळी मला मेंढरांबरोबर जाताना पाहिलं होतं. अंगणाच्या दगडावर उभी राहून तिनं हात हलवला होता. संध्याकाळी तिनं विचारलं तेव्हा आईला काही रचून सांगावंही लागलं नाही. आई म्हणाली, “आबा मेंढरांसंगं गेलाय.” दरवर्षी असंच जातात आमच्याकडचे बाप. पोरीला यात काहीच वावगं वाटलं नाही. ती रोज दिवस मावळायच्या वेळी वाटेवर जाऊन उभी राहायची आणि मेंढरं आली नाहीत म्हणून परत यायची.

बायको मधूनमधून घरी जायची. ती पोरीला मोबाइलमधला माझा फोटो दाखवायची. कपिलधारच्या यात्रेला गेलतो तेव्हाचा. पोरगी खांद्यावर, अंगात पांढरा सदरा, भरघोस मिशा, आणि मी तोंडभर हसतोय. सगळे दात दिसतायत. पोरीनं आबाला विसरू नये एवढाच तिचा हेतू. आईनं खोटं बोलून आणि बायकोनं खरं दाखवून, दोघींनी मिळून माझी घरी यायची वाट बंद करून टाकली. हे त्यांना तेव्हा कळलं नाही आणि मलाही नाही.

मला घरी आणलं तेव्हा डोक्याला पांढरी पट्टी होती, तोंड सुजून भोपळा झालं होतं आणि उघड्या डाव्या डोळ्यावर कापूस चिकटवला होता. पोरगी धावत आली, गाडीपाशी थबकली आणि किंचाळत आजीच्या लुगड्यात शिरली. “ह्ये कोन हाय?” असं ती पुन्हा पुन्हा विचारत होती. आई घाबरली. पोरगी निळी पडेल असं तिला वाटलं असणार. ती म्हणाली, “पाव्हणं हायत बाय. आजारी हायत. भिऊ नगं.”

माझ्या दातांना तारा. मी नुसतं घशातून हूं हूं केलं. त्यानं पोरगी आणखीच भ्याली. इतका राग मला त्या पिकअपवाल्याचाही आला नव्हता. माझ्याच घरात माझ्याच आईनं मला पाहुणा केलं होतं, आणि मी एका शब्दानं ते मोडू शकत नव्हतो.

मग सुरू झाले ते दिवस, ज्यांना लोक आराम म्हणतात. सकाळी आंबील, दुपारी डाळीचं पाणी, संध्याकाळी दूध, सगळं फटीतून. चुलीवर भाकरी भाजलेली दिसायची, पण तिचा वास यायचा नाही. वास कायमचा गेला होता, हे कुणी सांगितलं नव्हतं, मला हळूहळू उमजलं. ऊन लागलं की डोकं ठणकायचं, जोरात कुणी भांडं आदळलं तरी मी कान दाबून धरायचो. भेटायला येणारी माणसं बिस्किटाचे पुडे आणायची. जबडा बांधलेल्या माणसाला बिस्किटं. उशाशी पुड्यांची थप्पी लागली. बसायची, माझ्याकडं न बघता आईशी बोलायची, “डोळा वाचला ह्येच लई झालं,” म्हणायची आणि चहा पिऊन जायची. मी एकदा पेजेची वाटी भिंतीवर भिरकावली. बायकोनं भिंत पुसली आणि दुसरी वाटी भरून आणली. तिनं चार शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

पोरगी हळूहळू सरावली. पण सरावली ती पाहुण्याला. लांबून पाण्याचा तांब्या ठेवायची आणि मागं सरकायची. नंतर नंतर खाटेच्या पायथ्याशी बसून माझ्याशी बोलायला लागली. बोलणं सगळं आबाचं. “माझा आबा लई मोठा हाय. त्याच्याजवळ लई मेंढरं हायत. त्यो मला कोकरू आननार हाय.” मी मान हलवायचो. डाव्या डोळ्यातून तसंही पाणी गळायचं, त्यामुळं तिला काही कळायचं नाही.

तारा काढल्या त्या दिवशी मी बोललो. आवाज माझा नव्हता. ओठ मिटत नसल्यानं ‘आबा’ मधला ‘ब’ सुद्धा नीट निघेना, ‘आआ’ असं काहीतरी बाहेर पडलं. तरी मी तिला म्हणालो, मीच तुझा आबा. ती आधी हसली. मी पुन्हा म्हणालो तेव्हा उठली, तिच्या आईचा मोबाइल घेऊन आली आणि माझ्या तोंडापुढं धरला. “ह्यो आबा. तुमी न्हाई.” मी हट्टाला पेटलो, आवाज चढवला. तिला हुंदक्यांवर हुंदके यायला लागले, रात्री अंग तापलं. आई म्हणाली, “नगं रं बाबा. सूज उतरू दे. तोंड जागेवर आलं की वळखंल ती.”

मला ते पटलं. पटलं म्हणजे काय, मला तेच हवं होतं. डॉक्टरनं सांगितलेले व्यायाम मी इमानदारीनं करायला लागलो. आरशासमोर बसून गाल फुगवायचे, ओठांचा चंबू करायचा, भुवया वर न्यायच्या, हसायचं. गाल फुगवला की हवा डावीकडून फुस्सकन निघून जायची. हसलो की अर्धं तोंड हसायचं आणि अर्धं तसंच राहायचं. बायको कोमट तेलानं गाल चोळून द्यायची. मेंढरं परत यायच्या आत तोंड जागेवर यावं, एवढंच माझ्या मनात होतं. मेंढरं आली आणि त्यांच्याबरोबर आबा आला नाही, तर पोरीचं काय होईल याचा विचार करायची माझी छाती नव्हती.

चैत्र गेला, वैशाख निम्मा झाला. सूज उतरली. सूज होती तोवर आशा होती, ती उतरल्यावर खाली दुसराच माणूस निघाला. एक गाल खोल, नाक चपटं आणि वाकडं, कपाळापासून कानापर्यंत टाक्यांचा व्रण, आणि व्रणावर केस उगवायला तयार नाहीत. मिशी फक्त उजवीकडं धड होती, म्हणून बायकोनं सगळीच काढून टाकली. आरशात तो माणूस माझ्याकडं बघायचा तेव्हा मीसुद्धा चटकन ओळख देत नसे.

एके दिवशी भावाचा फोन आला, उद्या सकाळी पोचतो म्हणून. पोरगी अंगणात नाचायला लागली. आई तिथंच चुलीपुढं बसून होती. तिनं लाकूड आत सारलं आणि मला म्हणाली, “मेंढरांसंगं गेलाय म्हनलं न्हवं? मंग मेंढरांसंगंच यी. काठी घी, घोंगडी घी, पटका बांध. तळ्यापाशी जाऊन थांब आन् मेंढराच्या म्होरं चालत यी. बाप कसा येतो ते तिला ठावं हाय. तोंड नंतर बघंल.”

बायकोला ते पटलं नाही. “लेकराला अजून किती फसवायचं?” एवढंच ती म्हणाली. पण मी घोंगडी काढली. खोटं खरं करून दाखवता येईल, असं मला त्या दिवशी मनापासून वाटलं. आमच्यात माणूस तोंडावरून कमी आणि चालण्यावरून जास्त ओळखतात. लांबून येणारा बाप पोरं काठीवरून ओळखतात. मी तसाच वाढलो होतो.

सकाळी ऊन वर यायच्या आत मी तळ्याच्या भिंतीपाशी जाऊन बसलो. डोकं ठणकत होतं. मेंढरं दिसली तेव्हा मी उठलो आणि त्यांना हाक घालायला गेलो. आमची हाक ओठांची असते, ओठ दाबून थरथरवायचे. नुसती थुंकी उडाली. पण कोकरू असताना मी बाटलीनं पाजून वाढवलेली एक मेंढी कळपातून निघाली आणि माझ्या गुडघ्याला डोकं घासायला लागली. मला इतका आनंद झाला की मी तिथंच रडलो. भाऊ जवळ आला. सात महिन्यांत त्यानं मला पाहिलं नव्हतं. तो माझ्याकडं बघून खाली बघायला लागला. मी त्याला आईचं म्हणणं सांगितलं. तो म्हणाला, “चल की. तूच चाल म्होरं. मी मागं ऱ्हातो.”

मी पुढं निघालो. खांद्यावर घोंगडी, आडवी काठी, मागं मेंढरांचा आवाज. वस्ती दिसली. पोरगी वाटेवर उभी होती, मागं आई, बायको दाराशी. पोरीनं मेंढरं पाहिली आणि दोन्ही हात पसरून पळत सुटली. मी वाकलो, काठी टाकली, हात पुढं केले.

ती माझ्या बाजूनं निघून गेली. मेंढरांत शिरली, त्यांच्या पाठींवर हात टेकत टेकत शेवटापर्यंत गेली आणि माझ्या भावाच्या पायांना मिठी मारली. “आबा आला,” असं ती म्हणत होती. आम्ही दोघे भाऊ एका तोंडवळ्याचे. त्याला तशाच मिशा, तसंच नाक, आणि तो घाबरून हसत होता तेव्हा सगळे दात दिसत होते. फोटोतला माणूस तोच होता.

भाऊ दोन्ही हात वर धरून उभा राहिला, तिला शिवायला धजेना. “बाय, म्या काका हाय. काका,” म्हणत होता. ती आणखी घट्ट बिलगली. माझ्याकडं कुणीच बघत नव्हतं. मी म्हणालो, “घे तिला.” त्याला कळलं नाही, म्हणून पुन्हा म्हणालो. त्यानं तिला उचललं. तिनं त्याच्या मानेत तोंड खुपसलं. मी मेंढरं वाघरीत घातली, म्हणजे त्यांच्या जाळीच्या कुंपणात, कारण ते कुणीतरी करायलाच हवं होतं.

दुपारी बायकोनं तिला मांडीवर घेऊन सगळं सांगितलं. रस्ता, गाडी, दवाखाना, पाहुणा. मी समोर बसलो होतो. भावानं ‘म्याच काका’ म्हणून मान डोलावली. पोरगी माझ्या तोंडाकडं बघत सगळं ऐकत राहिली. रडली नाही. “मंग आबा मेंढरांसंगं गेलाच न्हवता?” एवढंच तिनं विचारलं. “न्हाई,” मी म्हणालो. ती उठून आत गेली. दुसऱ्या दिवसापासून ती वाटेवर उभी राहिली नाही.

त्यानंतर ती मला आबा म्हणायला लागली. सगळ्यांनी सांगितलं म्हणून म्हणायची, एखाद्याला मास्तर म्हणावं तशी. हाक मारल्यावर यायची, सांगितलेलं ऐकायची. मी अजूनही गाल फुगवतो, अजूनही भाकरी कुस्करून खातो, आणि डॉक्टर अजूनही ‘वेळ लागेल’ म्हणतो.

परवा पाऊस नव्हता, कामही नव्हतं. मी खाटेवर पडलो होतो. ती आली आणि पहिल्यांदा आपणहून माझ्या जवळ बसली. बराच वेळ बोटानं घोंगडीचे दोरे काढत राहिली.

“आबा,” ती म्हणाली, “मला आबाची लई याद येती.”

मी तिला जवळ ओढलं आणि म्हणालो, “मलाबी.”